गारपीट फेब्रुवारी-मार्चमध्येच का, आणि जिल्ह्याच्या इशाऱ्याचं वावरात काय करायचं?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार विचारतात: मार्चमध्ये गारपिटीचे इशारे लागोपाठ आले आणि शिवारात थेंबही पडला नाही. लोकांनी लक्ष देणं सोडलं. त्यानंतर एका दुपारी वीस मिनिटांत तोडणीला आलेला मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची संत्री) मातीत गेला, आणि शेजारचं गाव मात्र कोरडंच राहिलं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश तापतं तेव्हा अशा गारा पडत नाहीत, मग फेब्रुवारी-मार्चमध्येच का? आधी काही ओळखता येतं का? आणि अख्ख्या जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्याचं एका शेतकऱ्यानं करायचं काय?

विदर्भाच्या हवामानाचे अंदाज काढण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली, त्यामुळे या प्रश्नांमागची चीड मला समजते. इशारे खोटे ठरले असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते ते बहुधा खरेच होते, आणि कसे ते पुढं आकडे देऊन सांगतो. आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण तो नीट कळला की बाकीचे निम्मे सुटतात.

ऊन जितकं कडक तितकं वादळ मोठं, ही समजूत सगळ्यात आधी सोडा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. इतकं तापायला हवा कोरडी लागते, राजस्थान-मध्य प्रदेशाकडून येणारा वायव्येचा वारा लागतो, आणि तसल्या हवेत वादळाला पोसणारं काही नसतं. तापलेली हवा वर जाते, दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी थंड होत जाते, पण तिच्यात वाफ नसेल तर ढग न धरताच तिचा जोर संपतो. वाफ असेल तर एका उंचीवर तिचं पाणी होतं, पाणी होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेनं हवा आणखी वर झेपावते. वादळाची ताकद या सुटलेल्या उष्णतेत आहे. विदर्भात मार्चपासून ऊन रोज पुरेसं असतं. कमी पडते ती ओल.

म्हणून मी तापमानाआधी दवबिंदू बघतो. हवा किती अंशांपर्यंत थंड झाली तर तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. बऱ्याच हवामान ॲपमध्ये तो तापमानाच्या खाली कुठंतरी लिहिलेला असतो. मार्चच्या दुपारी तापमान ३६ आणि दवबिंदू ७-८ असेल तर आभाळ निरभ्र राहील, फार तर वावरात वावटळी उठतील. त्याच ३६ अंशांना दवबिंदू १८ वर गेला असेल तर तो दिवस पूर्ण वेगळा आहे. दोन्ही आकड्यांतल्या फरकाला १२५ नं गुणलं की ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर धरेल ते निघतं. ३६ आणि १८ मध्ये फरक १८ चा, म्हणजे तळ सव्वादोन किलोमीटरवर. ॲप नसेल तरी अडत नाही. वऱ्हाडात मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात, आणि कूलर कोरड्या हवेतच थंडावा देतो. ज्या दिवशी कूलर चालू असूनही अंग चिकचिकतं, गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, त्या दिवशी बंगालच्या उपसागराची हवा तुमच्या अंगणात पोहोचलेली असते.

ती येते कशी? फेब्रुवारी-मार्चमध्ये उपसागरावर हवेचा जास्त दाब तयार होतो. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो आणि आंध्र-तेलंगणावरून दमट हवा विदर्भ-मराठवाड्यात लोटतो. हा आग्नेयेचा वारा जमिनीपासून एक-दीड किलोमीटरपर्यंतच असतो. दुसरीकडून वायव्येचा कोरडा वारा येतच असतो. दोघांची गाठ पडते ती रेषा मध्य प्रदेशातून किंवा विदर्भातून निघते आणि मराठवाडा, कर्नाटकाचा अंतर्भाग असं करत तमिळनाडू-केरळपर्यंत जाते. हवामान खात्याच्या पत्रकात ‘हवेचा कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘खंडित वारे’ असं जे वाचता ते हेच. ही रेषा दिवसागणिक मागं-पुढं सरकते. ती अकोल्याच्या पश्चिमेला असेल तर अमरावती ओल्या बाजूला असते; ती नागपूरच्या पलीकडं सरकली की अमरावतीत लख्ख कोरडं. पत्रक वाचताना मी नेहमी पहिल्यांदा ही रेषा शोधतो, पावसाचा अंदाज नंतर वाचतो.

एवढ्यानं पाऊस येईल, गडगडाट होईल. गारपिटीसाठी वरची बाजूही जुळावी लागते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाची वादळी क्षेत्रं, काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. त्यांचा उंचावरचा भाग, म्हणजे वरचा पट्टा, कधीकधी दक्षिणेकडं थेट मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच्यासोबत बारा किलोमीटरच्या आसपास वाहणारा पश्चिमेचा अतिवेगवान वारा, ज्याला जेट म्हणतात, तोही आपल्या बाजूला सरकतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं सहज जातो. नागपूरहून पहाटे जो हवामानाचा फुगा सोडतात, त्याच्या नोंदीत अशा दिवशी पावणेसहा किलोमीटर उंचीवर उणे दहा-बारा अंश दिसतात. भर पावसाळ्यात त्याच उंचीवर उणे चार-पाच असतात. खाली ३५ अंशांची दमट हवा आणि वर उणे बारा, अशी स्थिती झाली की चढत्या हवेला अडवणारं फारसं काही उरत नाही.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो खालच्या आणि वरच्या वाऱ्यांतला फरक. खाली आग्नेयेचा मंद वारा, वर पश्चिमेचा सुसाट. अशा वाऱ्यांत ढग तिरका वाढतो. हवा एका बाजूनं वर चढते आणि पाऊस दुसऱ्या बाजूला पडतो, त्यामुळे पाऊस ढगाची स्वतःची चढती हवा दाबून टाकत नाही. एरवी अर्ध्या तासात मोडणारा ढग मग तासभर, कधी दोन-तीन तास जगतो. गारेला मोठं व्हायला हाच वेळ लागतो. ढगात शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं. गार त्यातून फिरत राहते आणि तिच्यावर थर चढत जातो. दोन सेंटिमीटरची गार पेलून धरायला चढत्या हवेचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास लागतो, पाच सेंटिमीटरच्या गारेला शंभराच्या पुढं. चढत्या हवेला ती पेलवेनाशी झाली की ती खाली येते.

मे महिन्यात जेट हिमालयाकडं निघून गेलेला असतो, उंचावरची हवाही तापलेली असते, वरचा वारा मंदावलेला असतो. ढग सरळ उभा वाढतो, त्याचाच पाऊस त्याच्या चढत्या हवेवर पडतो आणि तो लवकर मोडतो. शिवाय मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी चार किलोमीटरच्या आसपास असते, मेमध्ये ती पाचच्या जवळ जाते. लहान गारा एवढ्या गरम हवेतून खाली येईपर्यंत वितळतात आणि जमिनीवर टपोरे गार थेंब पोचतात. मेमध्ये गारा पडतच नाहीत असं नाही, पण पट्टा लहान आणि खेळ थोडा वेळ.

२०१४ ची गारपीट ज्यांनी सोसली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली ती मालिका मार्चच्या मध्यापर्यंत चालली आणि राज्यातल्या २८ जिल्ह्यांत तिनं नुकसान केलं. गहू, हरभरा, रब्बी ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, संत्रा, जे जे हाताशी आलं होतं ते सगळं गेलं. जनावरं दगावली, झाडांवरचे पक्षी मेले. खालची ओल आणि वरची थंडी एखाद्या दिवशी जुळणं यात नवं काही नाही. त्या वर्षी ही जुळणी मोडेचना. ओलही येत राहिली आणि पश्चिमेकडून वरच्या थरातले पट्टेही एकामागून एक येत राहिले. त्या दिवसांत ऊन फारसं नव्हतं, थंडावाच होता. लोक गाफील राहिले ते त्यामुळे, आणि म्हणूनच ऊन बघून अंदाज बांधण्याची सवय मला घातक वाटते.

आता इशाऱ्याचा हिशेब. अमरावती जिल्हा सुमारे १२,२०० चौरस किलोमीटरचा आहे. गारांचा एक पट्टा समजा पाच किलोमीटर रुंद आणि चाळीस किलोमीटर लांब धरला, आणि हा चांगलाच मोठा पट्टा झाला, तर क्षेत्र होतं दोनशे चौरस किलोमीटर. जिल्ह्याच्या दोन टक्क्यांहून कमी. एकाच दुपारी असे तीन पट्टे पडले तरी पाच टक्के. म्हणजे जिल्ह्याचा इशारा पूर्ण खरा ठरला, तीन ठिकाणी गारपीट झाली, तरी वीसपैकी एकोणीस शेतकरी म्हणणार की काहीच झालं नाही. तुम्ही आधीच्या वेळी त्या एकोणिसांत होता. शेवटच्या वेळी शेजारचं गाव त्यात होतं.

सकाळी बसून कुठलं गाव सापडणार हे सांगता येत नाही. पहिला ढग कुठल्या डोंगरावर उठेल, आदल्या रात्रीच्या सरीनं कुठलं शिवार ओलं झालं आहे, शेजारच्या मोडलेल्या ढगाची गार हवा कुठवर पसरली आहे, इतक्या बारीक गोष्टींवर ते ठरतं. तरीही पंधरा-पंधरा दिवस आधी तारीख आणि तालुका देऊन गारपीट जाहीर करणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यावर विसंबून लोक कच्चा माल तोडतात, मजुरांना जादा पैसे देऊन हिरवट हरभरा सोंगतात. मला याचा संताप येतो, कारण नुकसान त्या संदेशामुळे होतं आणि विश्वास उडतो तो खऱ्या इशाऱ्यावरचा. इतक्या आधी फार तर एवढं म्हणता येतं की अमुक आठवड्यात वरचा पट्टा दक्षिणेकडं उतरण्यासारखा दिसतो. त्यापुढं जो बोलतो तो अंदाज देत नसतो.

मग जिल्ह्याच्या इशाऱ्याचं करायचं काय? तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी स्वस्तातली कामं करायची आणि महागडी कामं शेवटच्या तीन तासांसाठी राखायची. शक्यता वीसात एकाची असेल तर तिच्यासाठी पीक कच्चं तोडणं परवडत नाही, पण ताडपत्री वावरात नेऊन ठेवायला काय लागतं?

पुढच्या चार-पाच दिवसांचं जिल्हावार पत्रक रोज निघतं; विदर्भाचं नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून, कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याचं मुंबईहून. त्यात पिवळा किंवा नारिंगी रंग दिसला की गव्हाला पाणी देणं थांबवा. दाणे भरत असताना ओलं रान आणि जोराचा वारा एकत्र आला की गहू लोळतो, आणि हे नुकसान गारांशिवायही होतं. फवारणी आणि खत पुढं ढकला. सोंगून पडलेला हरभरा असेल तर आधी त्याची मळणी उरका. ते जमणार नसेल तर गंजी उंचवट्यावर लावून झाका, झाडाखाली लावू नका. हळद शिजवून वाळत घातली असेल तर गोळा करायला किती माणसं लागतील आणि ती कुठून येतील हे आदल्या दिवशीच ठरवा. मृगाची संत्री पिकलेली असतील आणि व्यापारी दारात असेल, तर दोन रुपयांच्या घासाघिशीत आठवडा घालवू नका. हा सल्ला मी गारपिटीच्या दिवसांपुरताच देतो.

त्या दिवसाची सकाळ उजाडली की ओल बघा. आग्नेयेचा वारा आहे का, दवबिंदू पंधराच्या वर गेला आहे का, कूलर काय सांगतो. मग आभाळ. इथं एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. सकाळपासून दाट ढगाळ असेल तर जमीन नीट तापत नाही, वादळ बऱ्याचदा साधंच होतं. घाबरायचं ते ओल असूनही दुपारपर्यंत स्वच्छ राहिलेल्या आभाळाला. दोन-तीन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा थर बसलेला असतो आणि तो खालच्या ओल्या हवेला वर येऊ देत नाही. उकाडा वाढत जातो, झाडाचं पान हलत नाही. तीन-चारच्या सुमारास कुठंतरी तो थर फुटतो आणि दिवसभर साठलेली सगळी ताकद एकदम मोकळी होते.

तुमच्या भागात हा थर बऱ्याचदा मेळघाटच्या डोंगरांवर आधी फुटतो. उतारांवर हवा आपसूक वर सरकत असते, त्यामुळे दुपारी पहिले उभे ढग तिथं दिसतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचा पश्चिमेचा वारा त्यांना परतवाडा-अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड असं पूर्वेकडं ढकलतो. ताशी तीस ते पन्नास किलोमीटरचा वेग धरला तर अचलपूरवरचा ढग तुमच्यापर्यंत यायला एक-दीड तास मिळतो. हा वेळ तुमचा आहे.

ढगाकडं बघताना कडा बघा. फुलकोबीसारख्या कडक, स्वच्छ कडा असतील तर तो जोरात वाढतो आहे. कडा धुरकट झाल्या, माथा सपाट होऊन पूर्वेकडं पसरला, तर तो दहा-बारा किलोमीटरच्या वर पोचला आहे. पसरलेल्या माथ्याच्या खाली काळोख आणि त्यात एक पांढरट, जवळजवळ दुधी पडदा जमिनीपर्यंत आलेला दिसला, विजांचा गडगडाट वेगवेगळा न येता सलग घरघर चालू राहिली, तर त्या ढगात गारा आहेत असं समजूनच हालचाल करा.

याच वेळी मोबाइलवर दोन गोष्टी बघायच्या. हवामान खात्याचा तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो आणि सतत बदलत राहतो. त्यात वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४०, ४० ते ५० किंवा ५० ते ६० किलोमीटर असा दिलेला असतो. दुसरं नागपूरच्या रडारचं चित्र. मोर्शी-वरूड त्या रडारपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत, तिथं चित्र चांगलं मिळतं. ढगातून परतलेल्या लहरींची ताकद सांगणारी आकड्यांची पट्टी बाजूला असते. पन्नासच्या पुढचा रंग, म्हणजे लाल आणि त्याच्या वरचे, एकाच जागी घट्ट दिसला तर गारांची दाट शंका. चित्रं एकामागून एक लावून तो डाग कुठं सरकतोय ते बघा. अकोला-बुलढाण्याच्या मित्रांनी मात्र एक लक्षात ठेवावं. अकोला रडारपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा झोत तिथं पोचेपर्यंत चार-पाच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. त्याला ढगाचा वरचा भाग दिसतो, खालचा वारा दिसत नाही. तिथं डोळ्यांवर आणि पश्चिमेकडच्या गावातल्या फोनवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

आता मे महिन्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मे महिना निर्धोक असल्याचा सूर आहे आणि तो मला पटत नाही. मेमध्ये धोका गारेकडून वाऱ्याकडं जातो. तापमान ४२ आणि दवबिंदू १७ असेल तर ढगाचा तळ तीन किलोमीटरच्याही वर धरतो. त्याखाली तीन किलोमीटर कोरडी, तापलेली हवा. पाऊस त्या हवेतून पडताना वाटेतच वाफ होऊन उडतो, वाफ होताना भोवतालची उष्णता शोषतो, आणि थंड झालेली जड हवा एकदम खाली कोसळते. जमिनीला आदळून ती चारी बाजूंनी पसरते. पुढं धुळीची भिंत, मागं सुसाट वारा, काही मिनिटांत तापमान दहा-बारा अंशांनी खाली. पाऊस कधी चार थेंबसुद्धा नसतो. म्हणून ‘पावसाचं काही नाही, नुसतं आभाळ आलंय’ हे वाक्य एप्रिल-मेमध्ये फार महाग पडतं. वारा ढगाच्या दहा-पंधरा किलोमीटर पुढंही धावतो. डोक्यावर ऊन असताना तो तुम्हाला गाठू शकतो.

अकोला जिल्ह्यातल्या पारस इथं ९ एप्रिल २०२३ च्या रात्री मंदिराच्या आवारात टिनाच्या शेडखाली लोक थांबले होते. वादळात मोठं झाड त्या शेडवर पडलं आणि सात जण गेले. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचं वादळ आलं, पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला, सतरा जणांचा जीव गेला. दोन्हीकडं माणसं आडोसा शोधत होती किंवा आडोशाला होती. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो: टिनाची शेड, जुनं झाड, फलक, अर्धवट बांधलेली भिंत, यांचा आडोसा घेऊ नका. पक्कं घर जवळ नसेल तर काचा लावलेली चारचाकी बरी, तीही झाडाखाली नको. गोठ्याच्या टिनांवर नुसते दगड ठेवू नका. टिन उडाला की दगडही उडतो. तारेनं वाशाला आवळा.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. रावेर-यावलच्या केळीला मे-जूनचा वारा गारांपेक्षा जास्त झोपवतो. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं एप्रिल-मेचा वळीव वेगळ्या कारणानं येतो: अरबी समुद्राचा दमट वारा दुपारी घाट चढून पठारावरच्या कोरड्या हवेला भिडतो आणि तिथं ढग उठतात, मेमध्ये ते अनेकदा पूर्वेकडून पश्चिमेला सरकताना दिसतात, त्यामुळे तुमचा पश्चिमेकडं बघण्याचा नियम तिथं लागू करू नये. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे वादळांना मिळणारी ओल वाढतेच आहे. २०२५ मध्ये तर मेभर वळीव बरसला आणि २६ मे ला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, तोपर्यंत अनेकांचा कांदा शेतातच होता. जूनच्या मृगाच्या हिशेबानं आखलेली उन्हाळी कामं थोडी अलीकडं ओढावीत असं आता मी सांगतो.

विजेबद्दल विचारलेलं नाही, पण गारपिटीपेक्षा जास्त माणसं वीज नेते, आणि बहुतेक वावरातच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज तुमच्यावर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. ते मजुरांच्या मुकादमाच्या फोनमध्येही असू द्या. उघड्यावर सापडलात तर दोन्ही पाय जुळवून खाली बसा, आडवं पडू नका, एकमेकांपासून लांब राहा. झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम मरतात ती जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहानं, म्हणून ढग दिसताच दावं सोडून त्यांना झाडापासून दूर न्या. मोबाइलमुळे वीज ओढली जाते हा गैरसमज आहे. तो चालू ठेवा, इशारा त्याच्यावरच येणार आहे.

गारा फोडणाऱ्या आवाजाच्या तोफा विकणारे लोक गावात येतात असं ऐकतो. पैसे घालवू नका. जागतिक हवामान संघटनेनं त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट सांगितलं आहे, आणि ज्या ढगात आधीच कडकडाट चालू आहे त्याला आणखी एका आवाजानं काय होणार? जाळी किंवा प्लास्टिकचं आच्छादन खरोखर काम करतं. नाशिक-सांगलीकडं द्राक्षबागांवर ते दिसतं. पण द्राक्षाच्या मांडवावर ते ताणता येतं. पंधरा फुटांच्या संत्र्याच्या झाडावर खर्च आणि वारा दोन्ही विरोधात जातात. नवी बाग घन पद्धतीनं, म्हणजे झाडं जवळजवळ लावून, ती बुटकी ठेवणार असाल तर विचार करा, जुन्या बागेत मी तो सल्ला देणार नाही.

तुमच्या बागेचं आता. मृग बहार गेला, पण फांद्यांवर आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची) बारीक फळं आहेत आणि तीच वाचवायची आहेत. गारांनी सोललेल्या सालीतून बुरशी दोन-चार दिवसांत शिरते, म्हणून वाफसा येताच अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं शिफारस केलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारा. चिरलेल्या फांद्या चिरेच्या खालून स्वच्छ कापून कापावर आणि खोडाच्या जखमांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. खाली पडलेली फळं बागेत सडू देऊ नका, गोळा करून लांब खड्ड्यात पुरा. त्याआधी मात्र त्यांचे, झाडांचे आणि साचलेल्या गारांचे फोटो काढा, विमा असेल तर ७२ तासांच्या आत कंपनीला कळवा, आणि तलाठ्याकडं पंचनाम्याचा अर्ज देऊन पोच घ्या. पानं झडलेल्या झाडाला लगेच भरपूर पाणी आणि युरिया देण्याचा मोह होतो, तो आवरा. पाणी थोडं थोडं द्या, आणि नवी पालवी फुटल्यावरच खताचा विचार करा.